पुंजाराम मास्तरांच्या पुड्या

पुंजाराम वानखडे यांनी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवली. रिटायर झाल्यावर गळ्यातली शिट्टी उतरली, पण छाती काढून चालायची सवय सुटली नाही. अशा माणसाच्या एकाच रिपोर्टात साखर, बीपी आणि रक्तातली चरबी, तिन्ही वाढलेली निघाली, तर तो खचेल? छे, तो चिडला! अमरावतीच्या राजापेठेतल्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. मास्तरांनी चिठ्ठी बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या हातात कोंबली.

"गोळ्या म्हाताऱ्याईले देतेत. मी का म्हातारा होय?"

मग चिखलदऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून गुळवेल आणि साखरेवरचा गुडमारचा पाला आला. घरची जांभळाची बी, मेथ्या, वाळलेलं कारलं होतंच. रुख्मिणीबाई सगळं खलबत्त्यात कुटायच्या आणि मास्तरांसाठी रोजची एक कागदी पुडी बांधून ठेवायच्या. तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट आला. साखर ताळ्यावर, बीपी ठीक! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. सकाळी बागेत भेटेल त्याला त्यांनी तो कागद दाखवला, इतका की तो घड्यांवर फाटला.

सगळ्यात जास्त विश्वास ठेवला तो धाकट्या भावानं. नत्थुजी अकोल्यात शिंपी. त्यालाही हीच दुखणी, पण तो बिचारा निमूट गोळ्या घ्यायचा. मास्तरांनी त्या बंद करवल्या आणि दर महिन्याला चूर्णाचा डबा स्वतः अकोल्याला पोचवू लागले. रक्त तपासायचा विषय निघाला की नत्थुजी हसायचा.

"एका बापाचं रक्त हाय दादा. तुहा रिपोर्ट तोच माहा रिपोर्ट."

मास्तरांनाही ते पटलं. दोन वर्षं एकाच्या रिपोर्टावर दोघं भाऊ खुशाल राहिले.

यंदा संक्रांतीनंतर नत्थुजी मशीनवरच कलंडला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, आणि शिंप्याचा उजवा हात जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मास्तर धावत अकोल्याला गेले आणि दवाखान्यात भावाच्या उशाशी बसून राहिले. आपल्या पुड्या घरीच राहिल्या, म्हणून ते नत्थुजीच्या डब्यातलं चूर्ण घेत होते. बाराव्या दिवशी त्यांनाच गरगरलं. नर्सनं तपासलं तर साखर तीनशे साठ, बीपी दोनशेच्या घरात.

खलबत्ता एक, कुटणारी एक, मग असं कसं? मास्तर अमरावतीला परतले ते हाच प्रश्न घेऊन. आकडे ऐकताच रुख्मिणीबाईंनी हातातला खलबत्ता बाजूला ठेवला.

"तुमच्या पुडीत मी गोळ्या कुटून टाकत होती," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं लिहून देल्या त्याच. पयल्या दिवसापासून."

मास्तरांना आधी कळेचना. मग कळलं, आणि अंगाची लाही झाली. तो रिपोर्ट, ती ऐट, बागेतली भाषणं, सगळं या बाईनं चालू दिलं होतं! चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना लहान लेकरासारखं फसवलं होतं.

"अन् नत्थूच्या डब्यात?"

"नुसतं चूर्ण. त्याईच्या गोळ्या कोन्त्या, ते मले का मालूम?"

"त्याले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं त तुमच्या कानावर आलं असतं. तुमी पुड्या फेकून देल्या असत्या." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मले वाटे, भाऊजी चोरून गोळ्या घेतच असतीन. मी तुमाले पायलं. बस, तुमालेच पायलं."

तिचं म्हणणं खरं होतं. त्यांनी पुड्या फेकल्याच असत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकोल्याची सकाळची गाडी धरली.

नत्थुजीला आता थोडं बोलता येत होतं. तोंड वाकडं, शब्द ओले. भावाला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, माहंच चुकलं. मंधामंधात चूर्ण घ्याचं राहे. तू नेमानं घेतलं, तुले गुन आला."

एवढं ऐकल्यावर मास्तरांना गप्प राहता आलं असतं. राहावंसं वाटलंही. पण त्यांनी भावाचा तो लुळा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. पुड्या, गोळ्या, खलबत्ता, रुख्मिणी. शेवटी म्हणाले, "मले माईत नव्हतं रे नत्थू. तिनं मलेई फसवलं."

नत्थुजीनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, भावाच्या हातातून काढून घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला.

"तुले फसवलं," तो म्हणाला, "अन् वाचवलं."

त्यानंतर मास्तर संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते. नत्थुजीनं पुन्हा त्यांना दादा म्हणून हाक मारली नाही.