चोवीस फुटांचं आढं

आमच्या घराचं आढं चोवीस फुटांचं होतं आणि ट्रेलर बारा फुटांचा. हे गणित मी फळ्यावर घातलं असतं तर तिसरीच्या पोरांनी बिनधास्त सांगितलं असतं, बाई, दोन तुकडे करा. माझ्या धाकट्या भावानेही तेच सांगितलं होतं, फक्त त्याच्या मनात लाकडाबरोबर घराचेही दोन तुकडे करायचे होते.

गोव्यात राजभाषेचा वाद पेटला होता ते दिवस. दादा डिचोलीकडे खाणीवर टिपर चालवायचा आणि मराठीच्या बाजूने सभांना जायचा. धाकटा पणजीच्या एका कचेरीत कारकून. तो कोंकणीचा. मी दोघांच्या मधली, लाटंबार्श्याच्या मराठी शाळेत मास्तरीण. दोघांनीही माझ्यापुढे आपापला सह्यांचा कागद ठेवला आणि मी दोन्हींवर सही करून मोकळी झाले. भित्री म्हणा हवं तर. पण खरं सांगायचं तर मला काही कळतच नव्हतं. आई देवापुढे मराठीत बोलायची, गुरांशी कोंकणीत आणि आमच्यावर दोन्हींत ओरडायची. घरात आपण बोलतो त्याला म्हणायचं काय, हा प्रश्न त्याआधी आम्हाला कुणी विचारलाच नव्हता.

एका रात्री जेवताना दोघांची जुंपली. एकाने दुसऱ्याचं ताट सरकवलं, आणि त्यानंतर आठ महिने ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. गंमत म्हणजे ज्या बोलीत ते भांडले ती दोघांची एकच होती, शिव्यासुद्धा त्याच. मी हे बोलून दाखवलं असतं तर दोघेही माझ्यावर उलटले असते.

मग सगळं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. धाकटा म्हणायचा, "बाय, त्या शहाण्याक सांग, माजी सायकल परत हाडून उबी कर म्हण, तुज्या बापायची न्हय ती." बाप दोघांचा एकच, हे लक्षात घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मी दादाकडे जाऊन म्हणायची, "त्याला सायकल लागेल म्हणतो, पण उद्या दिलीस तरी चालेल." तिकडून तसाच निरोप आला की तोही मी धुऊन, वाळवून, घडी घालून इकडे द्यायची. ह्या कामात मी चांगलीच तरबेज झाले होते, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

त्यातच पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली. माडाच्या झापांचा मांडव घालून आम्ही त्यात राहायला गेलो आणि घर नव्याने उभारायचं ठरलं. आमच्या काजूच्या डोंगरावर वडिलांनी एक किंदळ राखून ठेवला होता, खास आढ्यासाठी. सगळे वासे ज्या एका लाकडावर टेकतात ते आढं, छपराचा कणाच. झाड तोडून, मेस्ताने म्हणजे सुताराने तासून चौकोनी केलेलं ते लाकूड डोंगरावर पडलं होतं. तसं दुसरं झाड आमच्याकडे नव्हतं.

धाकटा म्हणाला, बारा-बारा फुटांचे दोन तुकडे करा, दोन लहान घरं बांधा, तो आपला सुखी आणि मी माझा. हा निरोप मी कितीही धुतला असता तरी निवळला नसता. तो आईने स्वतःच ऐकला. उकळत्या पेजेत डाव तसाच ठेवून ती बाहेर आली. "आडें अख्खें येतलें जाल्यार हांव ताच्या पोंदा रावन. कुडके करून हाडश्यात, तर माका ह्या मांडवांतच मरूं दी," ती म्हणाली. आई असलं बोलणारी बाई नव्हे. त्यामुळे आढं अख्खंच आणायचं ठरलं.

ट्रॅक्टर आणि ट्रेलर पेडण्यातून मागवला. दादा चालवणार, धाकटा मागून चालत लाकडावर लक्ष ठेवणार, आणि मी दोघांच्या मध्ये, ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून निरोप पोचवणार. मी मास्तरीण आहे, मला सुट्टी आहे, घरी ढीगभर काम आहे, हे कुणी विचारात घेतलं नाही.

आमच्या भिंती बांधणारा गवंडी बेळगावकडचा होता. भरताना तो आला आणि त्याने दोघांनाही बाजूला केलं. "आमच्याकडं ऊस भरत्यात बाई, मला ठाव हाय. बुंधा म्होरं घ्या, शेंडा मागं. जड टोक मागं लोंबलं की ट्रॅक्टर मागनं उचलतंय, मग ब्रेक लागत न्हाई." बुंध्याचा चार फूट भाग त्याने पुढच्या फळीवरून बाहेर काढायला लावला, बारा फूट ट्रेलरात, आठ फूट मागे. साखळी मिळाली नव्हती, म्हणून पुढे एक आणि मागे एक असे काथ्याचे दोर आवळले. शेंड्याला माझ्या जुन्या लाल पोलक्याची बाही बांधली, लांबून दिसावं म्हणून. मग तो आम्हा तिघांनाही उद्देशून म्हणाला, "मैलभर गेलासा की थांबा. लाकूड बसतंय, दोर ढिला पडतोय. चढाला लागायच्या आदी परत आवळा. इसरू नका." आणि उतरवून घ्यायला घरी माणसं लागणार म्हणून तो पायवाटेने पुढे निघून गेला.

तो गेला आणि आम्ही तिघं उरलो. अर्ध्या वाटेत सरळ, सपाट रस्ता आहे आणि त्यानंतर आमच्या वाड्याकडे चढणारा तांबडा चढ. भीती होती ती चढाची.

पहिल्याच वळणावर मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. ट्रेलर डावीकडे वळला की मागचा शेंडा उजवीकडे फेकला जातो, हे मला कुठे ठाऊक? धाकटा ओरडला, "बाय, त्या आंदळ्याक सांग, भायल्यान घे म्हण!" मी दादाकडे वळून म्हटलं, "दादा, जरा बाहेरून घेतोस का, तो म्हणतो." आंधळा शब्द गाळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शेंडा एका कुंपणाच्या चिऱ्यांवरून खरवडत गेला. समोरून सायकलवर पाव घेऊन येणारा पदेर पाटीसकट गटारात उतरला आणि तिथूनच आमचा उद्धार करू लागला. त्याचं बोलणं मात्र मी कुणाला पोचवलं नाही, ते दोघांनाही आपोआप कळलं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण इशारा इथेच मिळाला होता. मला तो कळला नाही.

सपाट रस्त्यावर आल्यावर ट्रॅक्टर संथ चालायला लागला. ऊन वाढलं होतं. दादाने एकदा मागे वळून बघितलं, मग पुढे बघत मला म्हणाला, "बाय, चलून चलून पांय दुखले आसतले ताचे. ट्रेलराचेर बस म्हण." माझा विश्वासच बसेना. आठ महिन्यांत दादाच्या तोंडून त्याच्यासाठी निघालेलं हे पहिलं माणुसकीचं वाक्य, आणि त्यात धुण्यासारखं काहीच नव्हतं. मला रडू आलं. मी ते जसंच्या तसं मागे ओरडून सांगायला वळले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाय! त्या शेणाच्या गोळ्याक सांग, थांब म्हण! दोर सैल जालो. आपूण मरतलो आनी आमकांय मारतलो!"

मी दोघांच्या मध्ये बसले होते. एका हातात हे गोड वाक्य आणि दुसऱ्या हातात तो शेणाचा गोळा. दादाने विचारलं, "कितें म्हणटा तो?" आणि मी म्हणाले, "काही नाही. सगळं ठीक आहे म्हणतो."

का म्हटलं? आज इतक्या वर्षांनी मी मला विचारते आणि दर वेळी निराळं उत्तर येतं. चढाच्या पायथ्याशी पाण्याच्या निमित्ताने ट्रॅक्टर थांबवू, दोर तेव्हा आवळू, असं मी मनात ठरवलं होतं, हे नक्की. नुसतं 'दोर आवळायला थांब' एवढंच सांगता आलं असतं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. पण चढ दिसला की टिपरवाले आधीपासूनच वेग धरतात. दादाने पायथ्याच्या कितीतरी अलीकडे गिअर बदलला. मी "दादा, पाणी" म्हणेपर्यंत आम्ही निम्म्या चढावर होतो.

आधी लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर पुढे आलेला बुंधा मागे मागे चालला होता. बघता बघता शेंडा खाली गेला, बुंधा वर आला, आणि मी बसले होते तो पत्रा उचलला गेल्यासारखा झाला. गवंड्याने सांगितलं होतं अगदी तसंच. मागची चाकं जमिनीला नीट टेकेनात, दादाचा पाय ब्रेकवर होता आणि तरीही आम्ही मागे सरकत होतो. धाकट्याच्या अंगावर.

मी ओरडले का? मला आठवत नाही. निरोप पोचवणारी मी, पण माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. ओरडला तो दादा, आणि माझ्या डोक्यावरून थेट त्याला.

"फातर! अरे, फातर घाल चाकाक! फाटीं रावूं नाका, कुशीक जा!"

"घालतां! दादा, ब्रेक सोडूं नाका!"

शेताच्या बांधाचा एक चिरा उपटून त्याने चाकाखाली लोटला, मग दुसरा. शेंडा रस्त्याकडेच्या मातीत रुतला, कडाड असा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

दादाने इंजीन बंद केलं. मागे धाकटा दोन्ही तळवे सोललेले घेऊन उभा होता.

"लागलें तुका?"

"ना. तुका?"

एवढं बोलून दोघेही थोडे ओशाळले. मग धाकटा म्हणाला, "दोर सैल जालो म्हणून हांवें सांगिल्लें." दादा म्हणाला, "माका कोणें सांगूंक ना." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"ट्रॅक्टरचा केवढा आवाज होता," मी म्हटलं. "मला ऐकूच आलं नाही."

दोघांनी मिळून बुंधा पुढे लोटला. एकाने ओढ म्हणायचं, दुसऱ्याने आणखी म्हणायचं, असे दोन्ही दोर आवळले. मला कुणी काही विचारलं नाही. चिऱ्यावर बसून मी बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या जोडीला आणखी काहीतरी होतं, त्याला मला नाव देता येईना.

घरी मेस्ताने लाकूड तपासलं. शेंड्याकडून चिरत गेलं होतं, चार फूट कापून टाकावे लागले. उरलं वीस फूट, एकसंध. आईने त्यावरून हात फिरवून विचारलं, "एकूच मगे?" एकच, म्हटल्यावर ती पेजेकडे वळली. दादाची खोली, मधलं घर, धाकट्याची खोली आणि टोकाला माझी, असा घराचा आराखडा होता. ते चार फूट टोकाच्या खोलीतून गेले. लग्न करून जाणारच आहे ती, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी काही गेले नाही. पलंग टाकल्यावर खिडकी पूर्ण उघडत नाही अशा त्या खोलीत मी आजही राहते, आणि सहसा तक्रार करत नाही.

पुढे भाषेचं काय ते कायद्यात बसलं, गोवा घटक राज्य झालं. दोघे भाऊ त्या एका आढ्याखाली राहिले. वाद घालायचे, पण तोंडावर.

अलीकडे दादा माझ्या खोलीत आला आणि त्याचा गुडघा पलंगावर आपटला. गुडघा चोळत तो म्हणाला, "तुजी खोली ल्हान जाली ती माज्यापायीं." काय झालं कुणास ठाऊक, माझ्याने राहवेना. मी त्याला सगळं सांगून टाकलं. की ट्रॅक्टरचा आवाज वगैरे खोटं होतं, मला स्वच्छ ऐकू आलं होतं, मी निरोप गाळला आणि त्याचा भाऊ मरता मरता वाचला.

दादाने गुडघ्यावरचा हात काढला.

"माकाय आयकूंक आयिल्लें," तो म्हणाला. "शेणाचो गोळो. सगळें."

"मग थांबला का नाहीस?"

"ताणें सांगलें म्हणून कसो थांबतलों? तुवें सांगूंक जाय आशिल्लें. हांव तुजी वाट पळयतालों."

मी सांगायला हवं होतं, माझी वाट बघत होता म्हणे. तो गेल्यावर मी पलंगावर बसून राहिले. झापांच्या मांडवात आम्ही चौघं झोपायचो तेव्हा आईने कूस बदलली तरी बाकी तिघांना कळायचं. त्याआधी घरात आणि मग मांडवात, आठ महिने मी ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात निरोप नेले. अंतर दहा पावलांचं. धुतलेला निरोप पोचायच्या आधी मूळचा त्या दोघांच्याही कानांवर गेलेला असायचा, दर वेळी, आणि तरीही दोघे मान वर करून, मी काय सांगते ते ऐकायला थांबायचे.

हे मला तेव्हा कसं सुचलं नाही, कळत नाही.