आमच्या मळ्यावरचं कॉलेज

गाडीत बिऱ्हाड भरून झालं तरी आई मळ्यातून निघेना. कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली तिचं तान्हं पुरलेलं होतं. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत.

"चाल वं, उशीर होऊन राहिला," बाबा म्हणाले.

"लेकराले एकटं सोडून कशी येऊ जी मी?"

बाबांनी तिला हाताला धरून गाडीत बसवलं. सरकारने कॉलेजसाठी जमीन घेतली होती आणि आम्ही अमरावती सोडून अकोल्याला चाललो होतो.

तुम्ही जे अमरावतीत राहिलात, त्या तुम्हाला कॉलेजचा अभिमान आहे. मलाही होता, खोटं कशाला बोलू? काळ्या दगडाच्या कमानी, उंच खिडक्या, वऱ्हाडातल्या उन्हाळ्यातही गार राहणारा व्हरांडा. बाबा जिथे वांगी तोडायचे तिथेच पुढे मी हॉस्टेलवर राहून इंग्रजीतून लेक्चरं ऐकली. आमच्या एका प्रोफेसरांना इमारतीचं भारी कौतुक. फरशीचे सांधे असे बसवलेत की पाण्याचा थेंब खाली जायचा नाही, म्हणायचे.

सुट्टीत घरी गेलो की आई विचारायची, "सापडली काय रे जागा?" कडुनिंब केव्हाच तोडला होता, पण आमची विहीर आवारात शिल्लक होती. तिच्यावरून अंदाज घेतला, तर जागा तळमजल्याच्या व्हरांड्यात येत होती. मी आईला तसं सांगितलं. न सांगून करतो काय?

दिवाळीत कॉलेज बंद असताना ती आली. पदराखाली झाकून तांब्याभर दूध आणलं होतं. मळ्यात होतो तोवर दर अमावस्येला ती त्या मातीवर दूध घालायची. मी दाखवलं तिथे ती बसली, फरशीवरून हात फिरवला.

"बरं झालं," म्हणाली. "आता कोल्हे नाही उकरत त्याले."

मला रडू आवरेना. मग तिने तांब्या ओतला.

दूध खाली जाईना. पसरत पसरत माझ्या बुटांपर्यंत आलं. कुठेतरी फट असेल म्हणून आई सांध्यांवरून बोट फिरवत राहिली. फट नव्हती. शेवटी तिने पदरानेच सगळं पुसून घेतलं आणि उठली. त्या इमारतीचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

आई आता नाही. अकोल्यात मी पक्कं घर बांधलं, पण गवंड्याला अंगणात फरशी बसवू दिली नाही. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून बायको कुरकुरते. होऊ दे.