चाखायची खुर्ची

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सफरचंदांच्या वखारीत सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसल्या. खुर्ची लाकडी, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. पण त्या खुर्चीवरून मान हलल्याशिवाय एक पेटी गाडीत चढत नसे.

काम सांगायला सोपं. शीतघरातून निघालेल्या प्रत्येक खेपेतली तीन फळं त्यांच्यासमोर यायची. आधी देठापाशी वास घ्यायच्या, मग फोड कापायच्या, चावायच्या आणि बादलीत थुंकायच्या. मग एकच शब्द. ‘खायचं’ म्हणजे बाजारात, ‘थांबायचं’ म्हणजे परत शीतघरात, ‘रसाला’ म्हणजे रसाच्या कारखान्यात. मी पलीकडच्या टेबलावर फळं कागदात गुंडाळायची. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला तेवढं पुरे होतं.

सफरचंदांच्या एकेका जातीबद्दल वन्संची मतं पक्की. लाल डेलिशस म्हणजे नुसती नटवी, महिनाभरात आतून पीठ. हिरवं आंबट तापट डोक्याचं, त्याला दोन महिने थंडीत बसवलं की वळणावर येतं. गाला गोड खरं, पण दुसऱ्या घासाला त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. फुजी मात्र हंगाम संपला तरी कडक. “भावजय मिळावी तर फुजीसारखी,” असं माझ्याकडे बघत म्हणायच्या, आणि मी कोणत्या जातीची ते विचारायची माझी छाती नव्हती. त्यांचं स्वतःचं आवडतं कोणतं, हे मी शंभरदा विचारलं असेल. सांगायच्या नाहीत. आवड बोलून दाखवली की जीभ तिची बाजू घेते म्हणे.

एका वर्षी त्यांना ताप आला. बारा दिवस अंथरुणावर होत्या. उठल्या तेव्हा मी चहा केला, आणि दूध नासलंय हे मला माझा कप तोंडाला लावल्यावर कळलं. तोवर वन्संनी त्यांचा कप संपवला होता. वर आणखी आहे का म्हणून विचारत होत्या. मी माझा घोट परत कपात थुंकला. त्यांनी कप खाली ठेवला.

“कळलं ना तुला,” त्या म्हणाल्या. “वासही नाही, चवही नाही. कुणाला बोलू नकोस.”

मी म्हटलं, घरी बसा, तुमचा भाऊ तुम्हाला काही कमी पडू देणार नाही.

“ह्या घरात मी नवरा गेल्यावर आले, पाहुणी म्हणून. ती खुर्ची मिळाली तेव्हा कुठे मला ताठ बसता आलं.”

वखारीत मी माझं टेबल त्यांच्या खुर्चीला चिकटवून घेतलं. त्या कापायच्या त्याच फळाची एक फोड मी तोंडात टाकायची आणि टेबलाखालून त्यांचा पाय दाबायची. एकदा म्हणजे खायचं, दोनदा थांबायचं, तीनदा रसाला. मुकादम वन्संना चिडवायचा, वहिनींना घरी उपाशी ठेवता की काय. बाकीचं त्या कानांनी आणि बोटांनी करायच्या. सुरी फळात शिरताना कशी वाजते, बिया किती तपकिरी झाल्यात, पात्यावर रस किती उतरतो. कितीतरी वेळा माझा पाय हलायच्या आत त्यांचा शब्द निघायचा, आणि बरोबर निघायचा. आठ महिने आम्ही असे काढले.

मग माझ्या लेकीचं बाळंतपण आलं. मी वन्संना म्हटलं, चार दिवस रजा घ्या. नाही घेतली. तिसऱ्या दिवशी फुजीची खेप निघाली, एकशे ऐंशी पेट्या. फळ कडक, बिया तपकिरी, रस भरपूर. वन्सं ‘खायचं’ म्हणाल्या. त्या पेट्या होत्या नुकताच रंग दिलेल्या खोलीत. सफरचंद शेजारचा वास ओढून घेतं. थंडीत तो दबून राहतो, फोड तोंडात कोमट झाली की उठतो. सगळ्याच्या सगळ्या पेट्या परत आल्या.

मी कामावर परतले तो दिवस नेमका तोच. मुकादमाने बुटकीला दारात उभं केलं होतं. ही पेट्या रचणारी बाई, दोन लहान मुलं, नवरा आजारी. न विचारता ओल्या रंगाच्या खोलीत पेट्या लावल्यास म्हणून तो तिला काढून टाकत होता. बुटकी रडत नव्हती, नुसती हातातली दोरी बोटांना गुंडाळत होती. वन्संकडे कुणी बघतही नव्हतं. त्यांची जीभ चुकेल हे कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि खरं सांगते, मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. बोलू नका म्हणून.

वन्सं उठल्या.

“तिने पेट्या कुठेही रचल्या असत्या तरी त्या मी थांबवायच्या होत्या. खुर्ची त्यासाठीच आहे. मला आठ महिने वास येत नाही, चव येत नाही.”

मुकादम म्हणाला, आक्का, काहीतरीच काय बोलता.

“सुरी घे आणि तपासून बघ मला,” वन्सं म्हणाल्या, आणि ती त्याच्या पुढ्यात ठेवून माझ्या टेबलाशी येऊन कागद उलगडायला लागल्या.

बुटकी राहिली. खुर्ची मला मिळाली. मी नको म्हटलं तर वन्संनीच दंडाला धरून बसवलं. पुढे दोन वर्षं त्या शेजारी उभ्या राहून फळं गुंडाळायच्या आणि माझी उलटतपासणी करायच्या. आंबट म्हणजे कुठे आंबट, जिभेच्या कडेला की घशात? गोड आधी लागलं की मागाहून? मी कधी तोंडात न आलेले शब्द शोधून काढायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. खुर्चीत मात्र पुन्हा बसल्या नाहीत, मी रजेवर असले तरी.

एकदा घरी परतताना आपणहून म्हणाल्या, “गोल्डन. पेटीतलं हिरवट नाही. झाडावर पिवळं होऊ दिलेलं, एका गालावर लाली आलेलं. लगेच डागळतं, म्हणून आपल्या वखारीत येत नाही. आता सांगायला हरकत नाही, जीभ कुणाची बाजू घेणार?”

त्यांच्या शेवटच्या आजारात मी तसं फळ शोधत चार बाजार फिरले. एक मिळालं. पिवळं, गालावर लाली, अगदी त्या म्हणाल्या तसं. पातळ फोड त्यांच्या तोंडात ठेवली, एक माझ्या. त्या सावकाश चावत राहिल्या.

“कसं आहे?”

फळ आतून गेलेलं होतं. ओल्या पिठासारखं. मरणाच्या दारातल्या माणसाशी एवढं खोटं बोलले असते तर मला कुणी बोल लावला नसता. पण विचारणाऱ्या वन्सं होत्या.

“पिठूळ आहे, वन्सं.”

त्यांनी हाताने भांडं मागितलं. मी धरलं. वखारीत थुंकायच्या तशा नीट थुंकल्या, ओठ पुसले.

“रसाला,” म्हणाल्या, आणि उशीवर मान टेकली.