कलम सातचा कर्ता

जमालुद्दीन परकार यांनी खेडच्या कोर्टात तीन वर्षे वकिली केली. लोक दहा सांगतात. बार असोसिएशनच्या नोंदवहीत तीनच सापडतात. १९८६ साली ते बहारीनला आले आणि एका जहाज कंपनीत क्लार्क झाले. इथे त्यांना कोर्टात उभे राहता येत नव्हते. ती हौस त्यांनी इथल्या हिद्द शहरातील कोकणी मंडळाची घटना लिहून भागवली.

तिच्या कलम सातनुसार रेसिडेंट कार्डाची मुदत संपली, की त्याच दिवशी मताचा हक्क संपतो. एक माजी अध्यक्ष गावी परतूनही फोनवरून मंडळ चालवत होते, म्हणून हे कलम आले. कलम चारनुसार सभासद फक्त कुटुंबातला कमावता पुरुष. त्यामुळे मंडळाचे सभासद अर्शद वारले तेव्हा त्यांच्या पत्नी जुबैदा मंडळाबाहेर गेल्या. त्या वीस वर्षे इथे शिक्षिका होत्या, कार्ड स्वतःचे होते, तरीही.

२०२३ च्या मे महिन्यात कलम चार बदलण्याचा ठराव जमालुद्दीन यांनीच आणला. सभेला तीस सभासद आले. दोन-तृतीयांश म्हणजे वीस मते हवी होती. सर्वांच्या कार्डांच्या तारखा ते एका वहीत ठेवत आणि महिनाभर आधी ज्याला त्याला फोन करत. त्या वहीत त्यांची स्वतःची तारीख नव्हती. निवृत्तीमुळे कार्ड चार दिवसांपूर्वीच संपल्याचे त्यांना हजेरी घेताना कळले.

"जमालभाई, कार्ड कोण बघतंय? हात वर करा, खलास," सचिव यासीन म्हणाले.

"वही माझ्याकडे आहे. मी बघतोय."

त्यांनी यादीतील आपले नाव खोडले आणि ते पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे, जुबैदांच्या शेजारी जाऊन बसले. उरले एकोणतीस, मते हवी होती वीसच. पडली एकोणीस.

"नियम लिहिताना आमची आठवण झाली नाही," जुबैदा म्हणाल्या, "पाळताना मात्र आमच्याच वेळी आठवला."

"खरंय, आपा."

इतिवृत्तात यातले एवढेच आहे : ठराव नामंजूर, पाहुणे दोन.

जूनमध्ये जमालुद्दीन खेडला परतले. जुबैदांनी ठरावाची प्रत घेऊन हिद्द आणि सनद या दोन्ही वस्त्यांमधील घरे पालथी घातली. ऑक्टोबरच्या सभेत एकतीसपैकी तेवीस मतांनी ठराव मंजूर झाला. यासीन यांनी तिथूनच खेडला फोन लावला. पुढचे त्यांच्याच तोंडचे आहे. लेखी पुरावा नाही.

"सगळ्यांची कार्डं बघितलीस ना?" जमालुद्दीन यांनी आधी विचारले.

"मी नाही. दारात जुबैदाआपा उभ्या होत्या. दोघांना परत पाठवलं."