दाजींचं दार

एकाहत्तरच्या लढाईत जो माणूस जहाजाच्या बॉयलरखोलीत होता, त्याला मी रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवरच चिकटवला. वर गावभर सांगत फिरलो, की योग्य माणसाला योग्य जागी बसवायला नजर लागते.

तो माणूस म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नौदलातून सुटून पेणजवळच्या खाडीकाठच्या गावी परतले, पण नोकरी टिकेना. बँकेत वॉचमन झाले, तर जाळीच्या दाराबाहेर उन्हात स्टूल टाकून बसायचे. थिएटरात दारावर ठेवले, तर भर खेळात दार सताड उघडं. पब्लिक पडदा सोडून ह्यांनाच शिव्या घालायचं. पेन्शन तुटपुंजी, मुली शिकत होत्या. "ह्येंचं मनच कुठं लागत नाय," ताई म्हणायची. मी निदान केलं: ह्यांना जुनी बॉयलरखोली आठवत असणार!

पहिल्याच शिफ्टला कुणीतरी बाहेरून लोखंडी दार ओढून घेतलं. दाजींनी ते ठोकून ठोकून उघडायला लावलं आणि डबा तिथंच टाकून पायी नागोठण्याच्या रस्त्याला लागले. मी स्कूटरने गाठून त्यांना एका टपरीवर बसवलं. चहा अर्धा झाल्यावर बोलले.

"लढाईत वरच्याला दिसतं तरी. आमी खाली, झाकण वरून बंद. जहाज हादरायचं. आपण मारलं का आपल्याला मारलं, कळायचं नाय. झाकण उघडेपर्यंत एकमेकाच्या तोंडाकडं बघत राहायचं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू चांगल्या मनानंच केलंस रे."

त्यापेक्षा एक सणसणीत शिवी परवडली असती.

पुढचं ताईने बघितलं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दार असतं, ती उघाडी. भरतीला ती लावायची, ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं. गावच्या उघाडीचा राखणदार थकला होता. ताईने गावकीत जाऊन ते काम दाजींसाठी मागून घेतलं.

मी हसलो. "ज्यांना बंद दार सोसत नाही, त्यांना दारावरच बसवतेस?"

"लावणार तेच, उघडणार पन तेच," ताई म्हणाली. "तुला नाय कळायचं."

आणि दाजी टिकले. पावसाळा गेला, भात झोडून झालं, तरी टिकले. बांधावर चार खांबांची खोप, वर पेंढा, चारी बाजू मोकळ्या. धरमतरकडे निघालेल्या बार्जवाल्यांना तिथूनच हाका मारायचे. भर दुपारी चक्क घोरायचे. ताई डबा घेऊन जायची आणि त्यांना न उठवता बसून राहायची.

थंडीत मी गेलो तेव्हा खाडीवरचा वारा हाडात शिरत होता. माझा जीव कळवळला. पुढच्या रविवारी एसटीच्या टपावर प्लायवूडचं दार टाकून हजर! सोबत बिजागऱ्या आणि बाहेरून लावायची भक्कम कडी.

दाजी दाराकडे बघून इतके हसले, की त्यांना ठसका लागला. ताई सुपात कोलीम, ती बारीक मासळी, निवडत बसली होती. तिने मान वर केली, दार बघितलं, कडी बघितली, मग मला.

"तोंडाला बसव तुझ्या. डोक्याला नको, तिथं कोंडायला हाय काय?"