फवारणीची वेळ सांगणाऱ्या शालिनीताई

शालिनीताईंची आणि माझी पहिली भेट गौरवग्रंथात सांगावी अशी नाही, तरी सांगतो. कोडोलीत माझे शेतीऔषधांचे दुकान. एका सकाळी या निवृत्त शिक्षिका आल्या आणि त्यांनी काउंटरवर रुमाल उलगडला. आत मूठभर मेलेल्या मधमाश्या.

"तुमच्याकडचं औषध शेजारच्या दोडक्यावर मारलं. माझ्या चार पेट्यांतल्या दोन गेल्या. भांडायला न्हाय आले, पावणं. पीक फुलात असलं तर संध्याकाळी फवारा, एवढं गिऱ्हाइकाला सांगा की."

"औषध विकू का पंचांग सांगत बसू?" मी म्हणालो. आज ते आठवले की मान खाली जाते. ताई रुमालाची घडी घालून निघून गेल्या.

त्याच हंगामात माझ्या रानातल्या काकडीला फुले भरपूर आली, पण काकड्या गळत होत्या, उरलेल्या वाकड्या. मीही सकाळीच, फुले उघडी असताना फवारत आलो होतो; मग परागीकरणाला माश्या उरणार कुठून? शेवटी तोंड लहान करून ताईंकडे गेलो. त्या टोचून एक शब्द बोलल्या नाहीत. उरलेल्या दोन पेट्यांतली एक त्यांनी दिवस मावळताना स्वतः आणून माझ्या बांधावर ठेवली. ज्याच्या औषधाने त्यांच्या माश्या मेल्या, त्याच्याच रानात!

दुसऱ्या सकाळी शेजारचे बापूअण्णा पाठीला पंप अडकवून उभे. मी धावतच गेलो.

"अण्णा, आत्ता नको. सांजच्याला मारा."

"तूच म्हणालतास की, सकाळी मार म्हणून!"

"चुकलं माझं."

दुकानात बसायला लागल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारले. अण्णांनी पंप उतरवला. पेटी वाचली, आणि पुढच्या काकड्या सरळ धरल्या.

ताईंचा जीव फुलपाखरांतही तेवढाच. बांधावर तणनाशक मारू नका, रुई राहू द्या, तिच्या पानांवर त्यांच्या अळ्या वाढतात, हे त्या घरोघरी सांगतात. "रुईचं काय लोणचं घालायचं?" असे कुणी म्हटले की आधी स्वतः हसतात, मग चहा घेतात आणि रुई वाचवूनच उठतात.

आता बाटली देण्याआधी मी विचारतो, "पीक फुलात हाय काय?" असेल तर बाटलीवर लाल पेनाने 'संध्याकाळी' लिहितो. काही गिऱ्हाइके वैतागून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

ताई, आपल्या पंचाहत्तरीला माझे मागणे एवढेच: आपले गुडघे शाबूत राहोत, आपण शंभरी पार करावी आणि माझ्या दुकानाची पायरी चढत राहावी. फक्त तो रुमाल यापुढे घाम पुसण्यापुरताच बाहेर काढावा लागो.