अंगी लागणं

अक्काच्या सासूबाई गेल्या, पण एक वाक्य घरात ठेवून गेल्या: "हिच्या हातचं कुणाच्या अंगी लागत नाही."

नवरा जन्मभर काडीपैलवान होता, तसाच देवाघरी गेला. मुलगाही बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तो दूर नोकरीला गेला, लग्न केलं आणि वर्षाच्या आत फोटोत त्याचे गाल वर आले. सुनेच्या हातचं बरोबर लागलं! अक्का फोटो बघून हसली आणि एकटीचं ताट वाढायला उठली.

घरामागे कोंबड्यांची शेड होती. खाणारी तोंडं आता तेवढीच. पण या खेपेची पिल्लं नुसतीच खात होती. विष्ठा चिकट, खालचा भुसा ओला, आणि पिल्लू वजनकाट्यावर ठेवलं तर काटा हलायचा आळस करी.

"देवा, मुक्या जिवांनासुद्धा माझा हात बाधावा?" ती पुटपुटली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी भुसा मुठीत दाबून पाहिला.

"खाद्यात गहू जास्त आहे, तो पोटात चिकट होतो. म्हणून तर एन्झाइमची पावडर दिली होती. घालता ना?"

"न चुकता. कढत पाण्यात विरघळवते आणि खाद्यावर शिंपडते."

"कढत?"

"मग! लेकराला औषध देताना गुठळ्या ठेवतो का आपण?"

"अहो अक्का, मेली की हो ती!"

"कोण मेली?" अक्का शेडकडे धावत सुटली.

"थांबा, पावडर मेली! दाण्यात सत्त्व असतं, पण ते पोटाला सुटं करून द्यायला ही लागते. कढत पाण्यात ती निकामी होते. कोरडीच मिसळा. आधी मूठभर खाद्यात, मग पाटीभर, मग सगळ्यात."

"म्हणजे माझ्या हाताचा..."

"हाताचं काय मध्येच? पाण्याचा दोष."

अक्काने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, डोळ्यात खाद्याची धूळ गेली.

त्या दिवसापासून ती पावडर कोरडी मिसळू लागली, अंगारा लावावा तशी हलक्या बोटांनी. भुसा कोरडा पडला. पिल्लं अंग धरू लागली. ती पाटी घेऊन आत शिरली की पायांत घोटाळायची, आणि ती प्रत्येकीला म्हणायची, "लागतंय ना गं?"

मग कोंबड्या न्यायला गाडी आली. ती यायचीच होती.

"काकू, उचलवत नाहीत हो!" हमाल ओरडला. "काय खायला घातलंत?"

"माझ्या हातचं," अक्का म्हणाली.

गाडी गेली. शेडमध्ये खाद्याची रिकामी भांडी लोंबत राहिली. तिने हात धुतले, देवाला नमस्कार केला, ताट वाढून घेतलं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. ताट तसंच ठेवून तिने मुलाला फोन लावला.

"काय गं आई? कामात आहे."

"तुझं वजन किती रे आता?"

"वजन? का गं?"

"काही नाही," अक्का म्हणाली. "लहानपणी दूध फार कढत द्यायचे मी तुला."

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. जेवतेच आहे."